अकरा फायली बंद होईपर्यंत

जून २०२२ मधला दुसरा रविवार. रक्कम रुपये तीन हजार, नोंदणी फी, रोख. हजर माणसं तीन: केंद्राच्या संचालिका विशाखा गायकवाड, फी भरणारे हेमंत दातार आणि पावती फाडणारा मी, वसंत साळवी.

आमचं वधूवर सूचक केंद्र बुधवार पेठेत, परीक्षांच्या गाइडांच्या एका दुकानावर, बावीस पायऱ्या चढून आहे. इथे येण्याआधी मी बावीस वर्षं एका पतसंस्थेत रोखपाल होतो. संस्था दुसरीत विलीन झाली आणि एकोणपन्नासाव्या वर्षी मी वारज्याच्या घरात सकाळी अकरा वाजता पेपर वाचू लागलो. चौथ्या दिवशी बायकोने कात्रण हातात दिलं: ‘केंद्रासाठी कार्यालयीन साहाय्यक पाहिजे.’ मी मुलाखतीला गेलो आणि आधीच सांगून टाकलं, की मला लग्नं जमवण्यातलं काही कळत नाही.

विशाखाताई म्हणाल्या, “लग्नं मी जमवते. मला खोटं पकडायला माणूस हवाय.”

तेव्हापासून मी पडताळणी बघतो. हे काम बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. आमच्याकडे फॉर्ममध्ये लिहिलेला प्रत्येक आकडा कोणीतरी तपासल्याशिवाय फाईल पुढे जात नाही, आणि तो कोणीतरी म्हणजे मी. ऑफिसच्या दाराच्या चौकटीवर सेंटिमीटरच्या खुणा आहेत. उमेदवाराने चपला काढून तिथे उभं राहायचं. बहुतेक पुरुषांचा एक इंच तिथे गळून पडतो. काहींचा दोन. पगाराची स्लिप तीन महिन्यांची लागते. एका गृहस्थांनी स्वतःच्या पगारात वडिलांचं पेन्शन मिळवलं होतं. विचारलं तर म्हणाले, “घरातच येतात ना पैसे?” दुसऱ्या एकाने वारज्यात तीन बेडरूमचा फ्लॅट लिहिला होता. तिसरी बेडरूम म्हणजे काचा लावलेली बाल्कनी होती. मी त्याच इमारतीच्या मागे राहतो, हे त्याला माहीत नव्हतं.

आणखी एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून घडलं. लग्नाच्या बाजारात नकार द्यायचा असला की ‘पत्रिका जुळत नाही’ असं कळवतात. ज्यांनी पत्रिका पाहिलेलीच नसते तेही हेच कळवतात. विशाखाताईंच्या केंद्रात ही सोय बंद आहे. भेट झाली की चार दिवसांत होय किंवा नाही सांगायचं, आणि नाही असेल तर खरं कारण सांगायचं. ते मी नकाराच्या वहीत, ज्याच्या त्याच्या शब्दांत उतरवून घेतो. समोरच्याला ते विशाखाताई स्वतः सांगतात, टोचणार नाही अशा भाषेत, पण बदलून नाही. सुरुवातीला मला हे फार कठोर वाटलं. दोन वर्षांनी एक मुलगी पेढे घेऊन आली आणि म्हणाली, “तुमच्यामुळे कळलं की मी समोरच्याला बोलूच देत नाही. नाहीतर मी अजून ग्रहांना शिव्या देत बसले असते.” तेव्हापासून मी ती वही जपून ठेवतो.

तर हेमंत दातार. वय एक्केचाळीस. उंची त्यांनी पाच फूट सात इंच लिहिली होती, भरली साडेसात. स्वतःची उंची कमी लिहिणारा पुरुष मी पहिल्यांदा पाहिला. उत्पन्नाच्या रकान्यातला आकडा बघून मी पेन खाली ठेवलं.

“साहेब, एक शून्य जास्त पडलंय का?”

“मोजून बघतो,” असं म्हणून त्यांनी खरंच बोटाने मोजलं. “नाही, बरोबर आहे.”

पंपांना लागणारी रबरी सीलं बनवणारे त्यांचे तीन कारखाने आहेत. वडील गेले तेव्हा हेमंत बावीस वर्षांचे होते, कारखाना एक होता आणि तोही बँकेच्या जप्तीच्या उंबरठ्यावर. कर्ज फेडण्यात आणि धाकट्या बहिणीचं लग्न करण्यात वीस वर्षं गेली. स्वतःचं राहून गेलं. घरी ते आणि आई. ऑफिसला ते रिक्षाने आले होते, कारण बुधवारात गाडी लावायला जागा मिळत नाही हे त्यांना ठाऊक होतं. हे मी पडताळणीत लिहिलं नाही, पण लक्षात ठेवलं.

असं स्थळ केंद्रात आलं की बातमी पसरते. पंधरा दिवसांत मला पाच मिठाईचे खोके आले. पाचही परत गेले. आमच्याकडे ओळखी नोंदणी क्रमांकाने आणि अपेक्षांच्या मेळाने होतात. एक काकू फोनवर म्हणाल्या, “अहो साळवी, क्रमांक तर तुमच्याच हातात असतात ना?” मी म्हटलं, “क्रमांक छापील असतात, बाई.”

पुढच्या दहा महिन्यांत हेमंत अकरा जणींना भेटले. पहिली भेट आमच्या ऑफिसातच होते. दोघं आत बसतात, दार उघडं असतं, मी बाहेर. अकरापैकी आठ नकार त्यांचे आणि तीन मुलींचे. भेट संपली की हेमंत विशाखाताईंसमोर बसून कारण सांगायचे आणि मी लिहायचो. कारण सांगायला पाच मिनिटं लागतात. त्यांना अर्धा तास लागायचा. कारखान्यात कामगारांच्या पाळ्या बदलायच्या होत्या, बहीण रुसली होती, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नाही, असं काहीबाही निघायचं. विशाखाताई ऐकायच्या आणि तोंडावर सांगायच्या, “बहिणीचं बरोबर आहे, तुम्ही चुकलात.” ते मान हलवून निघून जायचे आणि पुढच्या वेळी येऊन सांगायचे, की माफी मागितली.

विशाखाताईंबद्दल इथे सांगतो. तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या. माहेर खडकीचं, वडील दारूगोळा कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. समाजकार्याचं शिक्षण, मग चार वर्षं कुटुंब न्यायालयाच्या परिसरात समुपदेशक. तिथे मोडलेली लग्नं बघून त्यांनी ठरवलं, की हे काम आधीच्या टोकाला जाऊन करायचं. चौदा वर्षांपूर्वी एक टेबल आणि दोन खुर्च्यांवर केंद्र सुरू केलं. सगळ्या समाजांची माणसं येतात आणि ती विशाखा गायकवाड या नावावर येतात. स्वतःचं लग्न एकदा ठरून मोडलं होतं. त्यावर त्या बोलत नसत आणि मी विचारत नसे.

एप्रिलमध्ये मी वर्षाची बेरीज घ्यायला नकाराची वही काढली. सवयीने मी कारणांचे गट पाडतो: नोकरीचं गाव, वय, आईवडिलांची जबाबदारी वगैरे. हेमंतचे आठ नकार कुठल्याच गटात बसेनात. म्हणून पुन्हा वाचले. ‘माझ्या प्रत्येक म्हणण्याला हो म्हणाल्या.’ ‘कारखान्यात काय बनतं ते विचारलं नाही. विशाखाताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.’ ‘माझी चूक होती तरी माझीच बाजू घेतली.’ ‘चांगल्या आहेत, पण इथे बोलताना वाटतं तसं वाटलं नाही.’ आठपैकी पाच नोंदींत विशाखाताईंचं नाव होतं आणि उरलेल्या तीनमध्ये नाव नसलं तरी वर्णन त्यांचंच होतं. नोंदी मीच माझ्या हाताने लिहिल्या होत्या आणि दहा महिने मला काही दिसलं नव्हतं.

मी पेन्सिलने पाचही ठिकाणी रेघ मारली आणि वही विशाखाताईंपुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, फक्त कान लाल झाले.

“पेन्सिल खोडा, काका.”

“खोडतो. पण नोंदी शाईच्या आहेत.”

“माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

पुढच्या रविवारी हेमंत बारावं स्थळ ठरवायला आले. विशाखाताईंनी त्यांना बसूही दिलं नाही. “तुमची नोंदणी आजपासून बंद करतेय. कारण वहीत तुम्हीच सांगितलंय.”

हेमंत उभेच राहिले. मग म्हणाले, “तुमच्या लक्षात यायला उशीर लागला.”

“तुम्ही सांगायला उशीर लावलात.”

“नकार यायचा आणि येणंही बंद व्हायचं, या भीतीने नाही सांगितलं. आता सांगतो. मला तुमच्याशी लग्न करायचंय.”

मी उठलो. विशाखाताई म्हणाल्या, “काका, तुम्ही बाहेर बसा. दार उघडं ठेवा. सगळ्यांना असतं तसंच.”

दार उघडं असल्यामुळे मी जे ऐकलं ते लिहितो आहे. त्या दोघांची परवानगी घेतली आहे.

विशाखाताईंनी नाही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, “मला तुम्ही आवडता. हे बोलायला मला अवघड जातंय, म्हणून एकदाच बोलते. आता दुसरं ऐका. अकरा जणी माझ्या शब्दावर तुम्हाला भेटल्या. साडी नेसून, सुट्टी काढून, आईला बरोबर घेऊन आल्या. उद्या मी तुमच्याशी लग्न केलं तर त्या काय म्हणतील? बाईंनी आम्हाला नुसतं फिरवलं आणि चांगलं स्थळ स्वतःसाठी ठेवलं. आणि त्यांना खोटं कोण म्हणेल? हे केंद्र माझ्या शब्दावर उभं आहे. तो गेला तर बारा वर्षं गेली.”

“मग नाही म्हणता?”

“नाही म्हणत नाहीये. आधी त्या अकरा जणींचं काम मार्गी लावते. शेवटची फाईल बंद झाली की मी मोकळी. आणि यातलं त्यांना कुणालाही कळता कामा नये, नाहीतर त्यांच्यावर दडपण येईल. तोवर तुम्ही मला भेटायचं नाही. थांबणं जमणार नसेल तर आत्ता सांगा, मला राग येणार नाही.”

“किती दिवस लागतील?”

“काकांना विचारा.”

आमचा वेग मला माहीत होता. मी मनात भागाकार केला. उत्तर साडेतीन वर्षं आलं. बाहेरून मी एवढंच म्हटलं, “सांगता येत नाही.” या केंद्रात मी मुद्दाम मोघम दिलेलं हे एकमेव उत्तर.

हेमंत म्हणाले, “वीस वर्षं कर्ज फेडलंय मी. हप्ते भरायची सवय आहे.”

त्या अकरा फायली मी वेगळ्या कप्प्यात लावल्या. इतर कामं चालूच होती. विशाखाताईंनी या अकरा जणींसाठी रांग मोडली नाही, मात्र प्रत्येकीची फाईल पुन्हा पहिल्यापासून वाचली, प्रत्येकीला बोलावून तासभर ऐकलं आणि अपेक्षा नव्याने लिहून घेतल्या. दोघींचं दोन महिन्यांत ठरलं. एकीने ऑफिसातल्या सहकाऱ्याशी परस्पर जमवलं आणि संकोचत फोन केला. मी तिचं अभिनंदन जरा जास्तच मनापासून केलं असावं, ती गोंधळली.

हेमंत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायचे. सोमवारी विशाखाताई घरभेटींना बाहेर असतात. ते बावीस पायऱ्या चढून यायचे, दारात उभे राहायचे आणि विचारायचे, “किती?”

“आठ.”

“बरं.” एवढंच. आणि परत. मी चहाचं विचारलं तर म्हणायचे, “बसलो तर आणखी काही विचारीन.”

आकडा सहावर आला आणि तिथेच अडकला. तिसऱ्या महिन्यात ते म्हणाले, “मागेही सहाच होते.”

“हो.”

“त्याच्या मागेही.”

“हो.”

“बरं.”

ते वळले तेव्हा शर्टाची पाठ घामाने भिजलेली दिसली. पुढच्या वर्षीचा मे महिना होता. चारचाकी, चालक आणि तीन कारखाने असलेला माणूस एका आकड्यासाठी उन्हातून येत होता आणि तो आकडा बदलून देणं माझ्या हातात नव्हतं. म्हणजे तसं मला वाटलं होतं.

त्याच महिन्यात मी चुकलो. सहांपैकी एकीला एक स्थळ मनापासून पसंत पडलं होतं. मुलगा आयटीत, स्वतःचा फ्लॅट, बोलायला गोड. पगाराच्या तीन स्लिपांपैकी दोन आल्या होत्या, तिसरी ‘सिस्टिम बंद आहे’ म्हणून येत नव्हती. एरवी मी फाईल तिथेच थांबवली असती. त्या दिवशी मी दोन स्लिपांवर बरोबरची खूण केली. माझ्या मनात काय होतं ते स्पष्ट लिहितो: पाच. सोमवारी मला ‘पाच’ म्हणायचं होतं.

विशाखाताईंनी फाईल उघडली, कागद मोजले आणि माझ्याकडे पाहिलं.

“तिसरी कुठेय?”

“येईल. मुलगा चांगला आहे.”

“काका, तुम्ही हे कुणासाठी केलंत?”

मी खोटं पकडायच्या नोकरीवर होतो. म्हटलं, “तुमच्यासाठी.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ती खूण खोडली, शेजारी सही केली आणि म्हणाल्या, “माझ्यासाठी काही करायचं असेल तर तिची फाईल नीट तपासा. ती मुलगी म्हणजे मीच आहे, असं समजून तपासा.”

मी दुसऱ्या दिवशी त्या कंपनीत गेलो. मुलाची नोकरी मागच्याच महिन्यात गेली होती आणि फ्लॅटचे हप्ते थकले होते. नोकरी जाणं हा गुन्हा नाही. लपवणं मात्र आमच्याकडे चालत नाही. विशाखाताईंनी स्वतः जाऊन त्या मुलीला सांगितलं, तिच्याजवळ बसून राहिल्या आणि संध्याकाळी सातला ऑफिसात येऊन पर्स टेबलावर ठेवत म्हणाल्या, “सहाच.” त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. स्वतःचं सुख एका खोट्या खुणेच्या अंतरावर असताना ती खूण खोडणारं माणूस मी पतसंस्थेतल्या बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि तिथे खुणाच खुणा होत्या.

पावसाळ्यात एकदा हेमंतच्या आई आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, तरी काठी टेकत बावीस पायऱ्या चढल्या. खुर्चीत बसून दम खाल्ला आणि म्हणाल्या, “माझ्या मुलाला वर्षभर थांबवून ठेवणारी बाई बघायला आलेय.”

“मीच ती,” विशाखाताई म्हणाल्या. “पाणी घ्या. खडकीचे गायकवाड आम्ही. वडील दारूगोळा कारखान्यात फिटर होते. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला.”

“मी हे विचारलं नव्हतं.”

“विचारणार होता. आमच्याकडे माहिती पूर्ण देतात.”

आई पाणी प्यायल्या. म्हणाल्या, “खरं सांगू? पहिल्यांदा कळलं तेव्हा मला झोप लागली नाही. आमच्या घरात असं कधी झालं नाही. सासूबाई असत्या तर होऊही दिलं नसतं.”

“आणि आता?”

“आता त्या नाहीत, त्यामुळे झोप न लागण्याचं काम माझ्याकडे आलंय. पण वर्षभर रोज नाही जागता येत हो. वय झालं.” काठी आपटून त्या उठल्या. “आठ जणींना याने नकार दिला, मला वाटलं याला माणूस पारखता येत नाही. आज बघितलं. येतंय थोडंफार.”

जाताना त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “या पायऱ्यांना कठडा का नाही?” महिन्याभरात घरमालकाकडे लकडा लावून मी तो बसवून घेतला.

पुढे आकडा भराभर खाली आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये एकच फाईल उरली: गौरी निमकर, वय सदतीस, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. हेमंतना नकार देणाऱ्या तिघींपैकी ही एक. कारणाच्या रकान्यात तिने सांगितलं होतं: ‘माणूस चांगला आहे. माझा नाही.’ वहीतली ती सर्वांत लहान नोंद आहे.

गौरी आलेलं स्थळ टाळत नव्हती. ती भेटायची, चार दिवसांच्या आत नीट कारण द्यायची आणि आपल्या कामाला लागायची. मी त्या महिन्यात तिला पाच स्थळं कळवली. पाचव्या फोनवर तिने विचारलं, “साळवीकाका, गेल्या दोन वर्षांत चार स्थळं आली आणि या महिन्यात पाच. सेल लागलाय का?”

“तसं नाही, मॅडम.”

“मग कसं आहे? तुमच्याकडे खरं कारण सांगायचा नियम आहे ना? सांगा.”

नियम माझ्यावरच उलटला होता. कुणाला कळता कामा नये, अशी ताईंची ताकीद होती आणि खोटं बोलायचं नाही अशीही. मी सगळं सांगितलं. अकरा फायली, एकोणीस महिने, एक उरली. सांगताना मला वाटलं, ऐकून तिला गहिवरून येईल. ती म्हणाली, “रविवारी ऑफिस उघडं असतं ना?” आणि फोन ठेवला.

मी विशाखाताईंना लगेच सांगितलं. त्या म्हणाल्या, “येऊ दे. ऐकून घ्यायचं आपण.”

रविवारी गौरी आली. पंजाबी ड्रेस, खांद्याला पेपर तपासायची पिशवी. बसली आणि थेट बोलली.

“तुमच्या लग्नासाठी माझं लग्न व्हायला हवं, हे बरोबर आहे का?”

“असं मी ठरवलं होतं,” विशाखाताई म्हणाल्या.

“मला विचारून?”

“नाही.”

“म्हणजे तुम्ही मला न विचारता मला तारण ठेवलंत. आणि हे साळवीकाका मला शिल्लक म्हणून पुढे ओढत होते.”

मी मान खाली घातली. एकोणीस महिने मी त्या बायकांचा आकडा मोजला होता आणि एकदाही मला असं वाटलं नव्हतं, की आकड्यालाही काही म्हणायचं असेल.

“तुमचा हेतू चांगला होता, मला दिसतंय,” गौरी म्हणाली. “दुसरी कुणी असती तर बिनदिक्कत लग्न करून मोकळी झाली असती. पण माझं काम मार्गी लागणं म्हणजे माझं लग्न, हे कुणी ठरवलं? आईसाठी मी नाव घातलं होतं. आई दीड वर्षापूर्वी नाशिकला भावाकडे गेली, तिने विचारणं सोडलं. मला एकटीला छान जमतं, हे मला केव्हाच कळलंय. फाईल बंद करायला यायचा कंटाळा केला, एवढीच माझी चूक.”

विशाखाताईंनी एकही सबब सांगितली नाही. आम्ही दिवसाला तीस माणसांना बोलतं करतो, त्यातले अठ्ठावीस स्वतःची बाजू मांडतात. त्या म्हणाल्या, “चुकलं माझं. मी स्वतःला नियमात बसवायला गेले आणि तुम्हाला त्यात गोवलं. दोन वर्षांत तुम्हाला काय हवंय ते दहा वेळा विचारलं, पण लग्न हवंय का, हे एकदाही विचारलं नाही.”

गौरी थोडी सैलावली. “हे तुम्हाला तरी विचारलंय का कुणी?”

“त्यांनी विचारलंय.”

“मग त्यांना उत्तर द्या. मी तुमच्या आड येत नाहीये. मी तुमच्या वाटेवर कधी नव्हतेच.” पिशवी उचलता उचलता ती म्हणाली, “आणि माझी फी परत द्या. मला पैशाचं काही नाही. पण मी ‘न जमलेली’ म्हणून तुमच्या कपाटात राहणार नाही.”

मी सवयीने म्हणालो, “मॅडम, नोंदणी फी परत देता येत नाही. नियम सात.”

“नियम सात पूर्ण वाचा, काका,” विशाखाताई म्हणाल्या.

भिंतीवरच्या पाटीवर तो नियम मीच रंगवून घेतला होता. फी कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही, केंद्राची चूक असल्यास अपवाद. चौदा वर्षांत त्या अपवादाचा वापर कधी झाला नव्हता. पडताळणीत चूक निघाली तरच तो लागायचा आणि पडताळणी माझ्याकडे होती, म्हणून मला त्याचा थोडा अभिमानही होता.

लग्न जानेवारीत नोंदणी कार्यालयात झालं, दुपारी खडकीच्या विहारात वडिलांच्या इच्छेप्रमाणे विधी झाला आणि हेमंतच्या आई पुढच्या रांगेत खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसल्या. त्याआधी विशाखाताईंनी उरलेल्या दहा जणींना घरी जाऊन सगळं स्वतः सांगितलं. दोन घरांत चहा मिळाला नाही. एका घरातल्या बाईंनी बरंच सुनावलं, ते ताईंनी उभ्याने ऐकून घेतलं. तीन नोंदण्या त्या महिन्यात कमी झाल्या, हेही लिहायला हवं. केंद्र चालू आहे.

लग्न ठरलं की दोन्ही बाजूंकडून आम्ही प्रत्येकी दहा हजार घेतो. या लग्नात घेतले नाहीत. केंद्राने दिले मात्र, एकदाच: रुपये तीन हजार, रोख, कुमारी गौरी निमकर यांना, त्या आल्या त्याच रविवारी. कारणाच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं तेव्हा विशाखाताईंनी ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः लिहिलं, ‘केंद्राची चूक’. गौरीने नोटा मोजल्या, वाचून सही केली आणि एक प्रत मागून घेतली.